पवनीच्या दगडावरचं बाईचं नाव



पवनी म्हटलं की आता आपल्याला गोसेखुर्द धरण आणि त्याचे कालवे आठवतात. 22 एप्रिल 1988 ला त्या धरणाची पायाभरणी झाली. पण पाण्यासाठी माती खोदण्याचं मोठं काम पवनीत त्याच्या कितीतरी आधी झालेलं आहे. मागच्या वैशाखात आम्ही गटातल्या सहा जणी ऊन चढायच्या आत ते पायी पाहून आलो.

सुरुवात वैजेश्वराच्या घाटावरून केली. काठाला डोंगे बांधलेले होते. बसायचा मोह झाला, पण गाव पाहायचं होतं म्हणून चालतच निघालो. जुन्या पवनीच्या एका बाजूला वैनगंगा आहे. बाकीच्या बाजूंना मातीचा उंच तट आणि तटाबाहेर खंदक. म्हणजे गावाला चारही अंगांनी पाण्याचा पहारा. उन्हाळ्यात पाणी आटलेलं होतं, त्यामुळे खंदकाची खोली नजरेत भरली. खंदकातून निघालेली मातीच तटावर चढवली, एका खोदकामात दोन कामं झाली. रोजगार हमीवर माती टाकलेल्या आमच्या एकीने वर पाहिलं आणि म्हणाली, "किती टोपल्या लागल्या असतील गं!"

तिथून जगन्नाथ टेकडीला गेलो. ही नुसती टेकडी नाही, हा बौद्ध स्तूप आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते काम पाहिलं. स्तूपाचा व्यास सुमारे 38 मीटर निघाला. सांचीचा मोठा स्तूप सुमारे साडेछत्तीस मीटरचा आहे, म्हणजे आपला त्याहून थोडा मोठाच.

इथे कोरलेले दगड सापडले. त्यांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांचे लेख आहेत. त्यातला एक लेख विसमिता नावाच्या बाईचा आहे. हे तिचं दान आहे आणि त्याने सगळ्या जिवांना सुख मिळो, असा त्याचा अर्थ. दोन हजार वर्षांहून जुना लेख, पण 'दान' आणि 'सुख' हे शब्द आपण आजही तसेच बोलतो.

अशी ती एकटी नव्हती. नाशिकच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीच्या दानाचा लेख आहे. ती राजघराण्यातली होती. पण सांचीला साध्या घरच्या बायांची आणि भिक्खुणींची नावंही दगडांवर आहेत. त्या काळी बायांच्या हातात काहीतरी स्वतःचं होतं, आणि ते दिलं तेव्हा त्यांच्याच नावाने लिहिलं गेलं.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. कारण एका गावातल्या गटाने बचतीतून पाण्याच्या टाकीला पैसे दिले होते. फलक लागला तेव्हा त्यावर नावं होती ती नवऱ्यांची. बायांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "घरचंच नाव आहे ना?" पैसे मात्र बायांच्या बचतीचे होते.

आता थोडं बदलतंय. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव आधी आणि वडिलांचं नंतर लिहायचं ठरलं आहे. पण घर, शेत आणि फलक यांवर नाव लागायला आपल्यालाच बोलावं लागेल.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरटॅक्सची पावती आणि सातबारा सोबत आणा. त्यावर कुणाचं नाव आहे ते मोठ्याने वाचू. जिचं नाव नसेल, तिच्यासाठी अर्ज कसा करायचा ते ग्रामसेवकांना आणि तलाठ्यांना सगळ्या मिळून विचारू. आणि गटाने कुठे पैसे दिले, तर फलकावरची नावं लागण्याआधीच आपण लिहून देऊ.

पवनीला जाल तेव्हा सकाळीच जा. टेकडीवरची वीट किंवा दगड उचलू नका. विसमितेचं नाव अशाच एका दगडाने जपून ठेवलं होतं.