सुई की गोळी? भीमथडीपासून जगापर्यंत : त्वचेवर लिहिलेला जीवनसत्त्वांचा इतिहास

(१) पुणे–सोलापूर मार्गावरचे पाटस हे दौंड तालुक्यातील गाव. या तालुक्याचे जुने नाव भीमथडी. उत्तरेला भीमा, नदीपलीकडे शिरूर, आणि दोन्ही काठांवर शतकानुशतके पिकत आलेली ज्वारी. सुईतून मिळणारे जीवनसत्त्व श्रेष्ठ की तोंडावाटे घेतलेले, हा वाद आज त्वचेच्या निमित्ताने पुन्हा रंगतो. त्याचे धागे याच कोरडवाहू मुलखातील ताटाशी येऊन मिळतात.

(२) प्रारंभ स्पेनमध्ये. १७३५ मध्ये गास्पार कासाल या वैद्याने अस्तुरियासच्या गरीब शेतकऱ्यांत एक विचित्र रोग नोंदवला. ऊन लागेल तेथे कातडी लाल होई, मग काळवंडून सोलली जाई. मानेभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उमटे. वैद्यकात त्याला आजही ‘कासालचा हार’ म्हणतात. पुढे इटलीत या रोगाला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव मिळाले. रोगी प्रामुख्याने मक्यावर जगणारे होते.

(३) विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राने थैमान घातले. हा रोग संसर्गजन्य आहे, असे बहुतेक डॉक्टर मानत. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी पाठवले. अनाथालयांत मुले आजारी पडतात, पण तेथील कर्मचारी पडत नाहीत, हे त्यांनी हेरले. दोघांची हवा एकच होती. ताट मात्र वेगळे होते.

(४) हा रोग संसर्गजन्य नाही, हे सिद्ध करण्यासाठी १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह रोग्यांचे रक्त सुईने स्वतःच्या शरीरात टोचून घेतले आणि रोग्यांच्या त्वचेच्या खपल्या गिळल्या. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही रक्त टोचून घेतले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. दोष जंतूंचा नव्हता, अन्नातील उणिवेचा होता.

(५) ती उणीव कशाची, हे १९३७ मध्ये कॉनरॅड एल्वेहेम यांनी दाखवले : निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन. हे जीवनसत्त्व आतड्यातून सहज शोषले जाते. त्यामुळे उपचार तोंडावाटे होऊ लागला. सतत उलट्या होणाऱ्या किंवा शुद्ध हरपलेल्या रोग्यापुरतीच सुई उरली. काही दिवसांत जीभ व त्वचा सुधारू लागे.

(६) आता दख्खन. येथे मका मुख्य अन्न नव्हता, तरी पेलाग्रा होता. हैदराबादचे सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दाखवले की, येथील रोगी ज्वारी खाणारे आहेत. ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाचे आधिक्य नायसिनच्या कामात अडथळा आणते, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यावर पुढे बराच वाद झाला.

(७) मग भाकरी दोषी का? तसे नाही. रोग दिसला तो ज्यांच्या ताटात भाकरीखेरीज फारसे काही नव्हते, अशा गरिबांत. भाकरीसोबत डाळ, शेंगदाण्याची चटणी, ताक, पालेभाजी असली की उणीव भरून निघते. शेंगदाणा तर नायसिनचा उत्तम स्रोत आहे. कालवण हरवले की तीच भाकरी अपुरी पडते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कामांवर मजुरांना सुकडी वाटली गेली, तिच्यामागेही हाच विचार होता : केवळ धान्याने पोट भरते, शरीर भरत नाही.

(८) तर मग सुईला प्रतिष्ठा आली कोठून? एका वेगळ्या रोगातून. ‘पर्निशस ॲनिमिया’ हा तेव्हा हमखास मृत्यू होता. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी रोज भरपूर यकृत खाऊ घालून असे रोगी वाचवले. पुढे यकृताचा अर्क टोचला जाऊ लागला, आणि १९४८ मध्ये त्यातील बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळे करण्यात यश आले.

(९) येथे सुई खरोखरच आवश्यक वाटत होती. बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारा एक घटक लागतो आणि या रोग्यांत तोच नसतो. म्हणजे दार बंद होते, म्हणून भिंतीतून वाट काढावी लागली. ज्यांचे दार उघडे आहे, त्यांनाही हीच वाट हवी, असा समज मात्र मागे राहिला.

(१०) याच काळात मुंबईत उलटे घडत होते. १९२८ मध्ये आलेल्या ल्युसी विल्स गरोदर स्त्रियांच्या, विशेषतः गिरणी कामगार स्त्रियांच्या, पांडुरोगाचा अभ्यास करत होत्या. त्यांना उपाय सापडला तो यीस्टच्या स्वस्त अर्कात, मार्माइटमध्ये. तोही खाऊ घालून. पर्निशस ॲनिमियावर चालणारा शुद्ध केलेला यकृतार्क मात्र या स्त्रियांना उपयोगी पडला नाही. त्यांच्यात उणीव वेगळीच होती. तिला पुढे फॉलिक आम्ल हे नाव मिळाले.

(११) बी-१२ चा त्वचेशी संबंध? वेल्लोरचे एस. जे. बेकर आणि सहकारी यांनी १९६३ मध्ये नोंदवले की, या उणिवेत बोटांच्या पेरांवर, तळहातांवर व तळपायांवर काळेपणा येतो, आणि बी-१२ मिळाल्यावर तो ओसरतो. ज्याला लोक मळ किंवा उन्हाचा रापलेपणा समजत, ती शरीराने दिलेली सूचना होती.

(१२) १९६८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जठरातील तो घटक नसला, तरी बी-१२ चा सुमारे १ टक्का भाग आतड्यातून आपोआप शिरतो. म्हणून गोळीची मात्रा पुरेशी मोठी असेल, तर पर्निशस ॲनिमियाच्या रोग्यालाही तोंडावाटे उपचार देता येतो. बंद दाराला फट होती.

(१३) आता पुन्हा भीमेकाठी. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी शिरूर तालुका व लगतच्या भागातील ६ गावांत गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळले. वनस्पतींत हे जीवनसत्त्व नसते, आणि शाकाहारी घरात ते मिळण्याची मुख्य वाट म्हणजे दूध व दुधाचे पदार्थ. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी पण फॉलिक आम्ल भरपूर होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक दिसला. एक उणीव भरताना दुसरी विसरली, तर पुढची पिढी किंमत मोजते.

(१४) २०१२ पासून याच गावांतील किशोरवयीन मुलामुलींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी-१२ तोंडावाटे देण्याचा प्रयोग झाला. एवढ्या अल्प मात्रेनेही रक्तातील पातळी सुधारली. यांचे दार उघडेच होते. आत येणारे अन्न अपुरे होते.

(१५) म्हणून इतिहासाचा निवाडा ‘सुई चांगली’ किंवा ‘गोळी चांगली’ असा सरधोपट नाही. उणीव कोठे आहे, यावर वाट ठरते. शोषणच बिघडले असेल किंवा मज्जासंस्थेला इजा होऊ लागली असेल, तर सुई प्राण वाचवते. ताटच रिकामे असेल, तर गोळी पुरते, आणि गोळीनंतर ताट भरावे लागते. उणीवच नसेल, तर त्वचा उजळावी म्हणून टोचलेले बी किंवा सी जीवनसत्त्व बहुतांशी मूत्रावाटे निघून जाते. राहतो तो खर्च, आणि सुई निर्जंतुक नसल्यास काविळीसारख्या संसर्गाचा धोका.

(१६) सुई एका क्षणात टोचली जाते, दिसते, दुखते. म्हणून ती ‘औषध’ वाटते. वाटीभर डाळ, मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध यांना ते वलय नाही. मजुराने दिवसाच्या कमाईतून ‘ताकदीची सुई’ घ्यावी आणि घरचे दूध मात्र सारे डेअरीत जावे, हा व्यवहार तोट्याचा आहे. पेरांवरचा काळेपणा किंवा मानेवरचा पट्टा दिसला, तर आधी रक्ततपासणी करावी, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने सुई की गोळी ते ठरवावे. आणि त्या घरात स्त्रियांच्या वाट्याला दूध व डाळ किती येते, हेही त्याच वेळी विचारावे.