दादरचे सर
माझे वडील दादरच्या ‘कोहिनूर’ या तंत्रशिक्षण संस्थेत वायरमनचं काम शिकले. ती काढणाऱ्या मनोहर जोशींना ते कायम ‘सर’च म्हणत, जोशी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाल्यावरही.

रायगडातल्या नांदवीच्या गरीब घरातला हा मुलगा शिकायला मुंबईत आला. पालिकेत नोकरी केली आणि १९६१ मध्ये कोहिनूर काढलं. १९६८ ला नगरसेवक झाले, १९७६ ला महापौर. मुंबईच्या महापौराचा मान मोठा, पण कारभाराच्या किल्ल्या १८८८ च्या कायद्याने आयुक्ताच्या कमरेला. म्हणून त्या खुर्चीला शोभेची म्हणतात. मला ते पटत नाही. भांडणारं सभागृह सांभाळायला माणूस तिथेच शिकतो. २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर सरांना तीच तालीम कामी आली असणार.

१४ मार्च १९९५. शिवाजी पार्कवर शिवसेनेचा पहिला मुख्यमंत्री शपथ घेत होता आणि वडिलांचा हात धरून मी गर्दीत उभा होतो. मग एक रुपयात झुणका-भाकर आली, उड्डाणपूल आले, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं काम सुरू झालं. जानेवारी १९९९ मध्ये मात्र पद सोडावं लागलं.

२३ फेब्रुवारी २०२४ ला सर गेले. वडिलांनी कपाटातून कोहिनूरचा दाखला काढला आणि काच धोतराच्या सोग्याने पुसली.