ठसा, सूक्ष्मपट आणि पुरावा

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव मराठी वाङ्मयेतिहासाच्या चर्चेत सहसा येत नाही. मात्र या गावावरून नाणेघाटाची चढण सुरू होते, आणि घाटमाथ्याच्या लेण्यात नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. लेण्याच्या दोन बाजूंच्या भिंतींवर यज्ञांची व दानांची नोंद आहे. मागील भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली काही नावे एवढेच उरले आहे. मूळ साधन झिजत असताना त्याची नक्कल कोणी, कशी आणि किती प्रामाणिकपणे केली, यावर पुढील पिढ्यांचे ज्ञान कसे अवलंबून राहते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स यांनी या लेण्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यानंतर जेम्स प्रिन्सेप, पंडित भगवानलाल इंद्रजी आणि १८८३ साली जॉर्ज ब्यूलर असा वाचनाचा क्रम आहे. हाताने उतरवून घेतलेल्या नकलेत नक्कलकाराचा तर्क नकळत मिसळतो. त्याला जे अक्षर ओळखीचे वाटते तेच तो काढतो. दगडावर ओला कागद थापून घेतलेल्या ठशात हा धोका पुष्कळच कमी असतो. भगवानलालांनी या लेखातील अंकचिन्हांचा जो उलगडा केला, तो भारतीय अंकांच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. लेखाचा काळ आणि त्यातील राजपुत्रांची ओळख यांविषयी मात्र अद्यापही मतभेद आहेत, आणि तो वाद करताना आजचा अभ्यासक भिंतीइतकाच जुन्या ठशांचा आधार घेतो.

कागदाच्या बाबतीत ठशाचे हेच कार्य विसाव्या शतकात सूक्ष्मपटाने, म्हणजे मायक्रोफिल्मने केले. दगड शतकानुशतके टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा जो स्वस्त कागद छापखान्यांत आला, तो मात्र आपल्यातील आम्लानेच पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यात कोकणपट्टीची दमट हवा, कसर आणि वाळवी यांची भर. १८३२ सालच्या ‘दर्पण’पासून पुढची मराठी नियतकालिके या नाशाच्या कक्षेत येतात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले. अशा संस्थांनी पुष्कळ साहित्य वाचवले, परंतु हाताळण्याने होणारी झीज त्यांनाही टाळता येण्यासारखी नव्हती. १९६७ साली सुरू झालेला, चिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजमधील साउथ एशिया मायक्रोफॉर्म प्रोजेक्ट आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतील कार्यालय यांनी भारतीय भाषांतील साहित्याचे सूक्ष्मपट तयार करण्याचे मोठे काम केले. आपल्या भाषेतील साधनांचा एक ठसा परदेशी जपला जावा, हे अभिमानाचे की चिंतेचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

साहित्याच्या अभ्यासकाला सूक्ष्मपटाचा खरा उपयोग कोणता? माझ्या मते तो समग्रतेचा. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. ते काम थोरच आहे. परंतु निवड म्हटली की निवडणाऱ्याची दृष्टी आली. सूक्ष्मपट पान निवडत नाही. समोर ठेवलेले प्रत्येक पान टिपतो. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी आपण पुस्तकरूपात शिकवतो. तिचा मूळ वाचक मात्र ती ‘करमणूक’मध्ये क्रमशः, आठवड्यांच्या अंतराने आणि आजूबाजूच्या मजकुरासह वाचत होता. यमूच्या कहाणीशेजारी त्या अंकात काय छापले होते, हे पुस्तक सांगू शकत नाही. ते अंकाचे पानच सांगते.

तरीही सूक्ष्मपट निर्दोष नाही. बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकल्या असतील, तर त्या पटावर येत नाहीत. लाल शाई आणि काळी शाई यांतील भेद कृष्णधवल पटावर पुसट होतो. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अॅसिटेटच्या पट्टीचे विघटन होऊन तिला शिरक्याचा वास येतो. पॉलिएस्टरची पट्टी योग्य तापमानात व कोरड्या हवेत कित्येक शतके टिकेल असे मानले जाते. सर्वांत मोठा धोका माणसांचा आहे. पट तयार झाला म्हणून मूळ प्रती रद्दीत काढण्याची प्रथा अमेरिकेतील ग्रंथालयांत कशी पडली, त्यावर निकल्सन बेकर यांनी २००१ साली ‘डबल फोल्ड’ या पुस्तकात कठोर टीका केली.

आज संगणकीय प्रतींमुळे वाचन सुलभ झाले आहे, आणि अशा कित्येक प्रती मूळ कागदावरून नव्हे तर जुन्या सूक्ष्मपटांवरून काढलेल्या असतात. पटावर सुटलेले पान तिथेही सुटलेलेच राहते. मात्र संगणकीय प्रतीला वाचण्यासाठी यंत्र, प्रणाली आणि सतत नूतनीकरण लागते. सूक्ष्मपटाला प्रकाश आणि भिंग पुरते. म्हणून एकाने दुसऱ्याची जागा घेतली असे समजून पट अडगळीत टाकणे शहाणपणाचे नाही.

आपल्या विद्यार्थ्यांना संदर्भ देण्याची रीत शिकवताना एक सवय आवर्जून लावायला हवी. अंक प्रत्यक्ष पाहिला, सूक्ष्मपटावर पाहिला, की संगणकाच्या पडद्यावर, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे. शिलालेखाचा अभ्यासक आपले वाचन कोणत्या ठशावर आधारलेले आहे ते सांगतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तेवढेच सांगितले, तर पुढच्या संशोधकाला गाळलेले पान कुठे शोधायचे, हे निदान कळू शकेल.