वरळीची मोटार-विद्या

बीडीडी चाळीसारख्या वस्तीत जुन्या ड्रिलची मोटार दुरुस्त व्हायची ती गरिबीमुळे, असं सहज म्हटलं जातं. हे कारण अपुरं आहे. काटकसरीने इच्छा होते, हात तयार होत नाही. 1915 साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. 1920च्या दशकात वरळीच्या 121 बीडीडी चाळी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या 160 चौरस फुटांच्या खोल्या पुढे गिरणी कामगारांनी भरल्या. हात तयार झाला तो गिरणीतल्या मोटारींवर.

यावर आक्षेप रास्त आहे: गिरणीची थ्री-फेज मोटार बहुधा बिनब्रशची, ड्रिलची कार्बन ब्रशवर चालणारी. पण दोष शोधण्याची शिस्त एकच. ड्रिलमध्ये आधी वायर आणि स्विच, मग ब्रश, शेवटी आर्मेचर. कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं कडं फिरतंय, जळक्या वार्निशचा वास येतोय, तर नुसते ब्रश बदलून भागत नाही. वेढे मोजून तांब्याची तार पुन्हा भरावी लागते.

18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मागवाल्यांच्या शेजारी वायरमन आणि मोटार वाइंडरचीही नोंद करावी.