साहेब, तुकडा किती पडते?

इंजिनीअरिंग डिपार्टमेंटमधलं रिसर्च टॉक म्हटलं की आठवतात त्या पन्नास स्लाइड्स आणि मागच्या बाकांवरच्या डुलक्या. आमच्या वऱ्हाडात मात्र एक विद्यापीठ असं आहे, जिथे श्रोते थेट वावरात उभे राहतात.

अकोल्याचं पंजाबराव कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ला स्थापन झालं. पण ते सहज मिळालं नाही बरं का! १९६७मध्ये त्यासाठी आंदोलन पेटलं, अकोल्यात गोळीबार झाला, माणसं गेली. विद्यापीठ हवं म्हणून गोळ्या खाल्लेलं गाव... (आणि आपण साधा फीडबॅक फॉर्म भरत नाही.) असो.

इथल्या कृषी अभियंत्यांचं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे पीकेव्ही मिनी दालमिल. तुरीची साल दाण्याला डिंकासारख्या थराने चिकटलेली असते. म्हणून आधी दाण्याला ओरखडे पाडायचे, तेल-पाणी मुरवायचं, उन्हात वाळवायचं आणि मग एमरीच्या खरखरीत रोलरवर साल काढायची. अकोल्यातल्या मोठ्या दालमिलांतही तत्त्व हेच. पण शेतकरी तूर विकणार आणि घरी डाळ विकत आणणार, हा उलटा हिशोब मोडायला गावात मावेल एवढं यंत्र हवं होतं. पुढे बचत गटांच्या बायांनीही ते चालवलं.

विद्यापीठाच्या शिवारफेरीत शेतकरी संशोधन बघायला येतात. तिथे कोणी पेपर किती छापले ते विचारत नाही. विचारतात, "साहेब, तुकडा किती पडते?" फुटलेल्या डाळीला बाजारात भाव कमी, म्हणून.