महाराज लायबल केस : साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिलेले विद्वान

१/
२०२४ मध्ये आलेल्या ‘महाराज’ या हिंदी चित्रपटामुळे १८६२ चा मुंबईतील एक खटला पुन्हा चर्चेत आला. करसनदास मुळजींच्या धैर्याविषयी पुष्कळ बोलले गेले आणि ते रास्तच होते. पण याच खटल्यात दोन डॉक्टर आणि एक मिशनरी पंडित साक्षीला उभे राहिले. तज्ज्ञाचे म्हणणे न्यायालयाने का मानावे आणि कुठवर मानावे, हा प्रश्न त्यांच्या साक्षींतून पुढे येतो. हा थ्रेड त्याविषयी.

२/
पार्श्वभूमी थोडक्यात. २१ ऑक्टोबर १८६० रोजी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रातून करसनदासांनी वल्लभ संप्रदायातील महाराजांवर स्त्री-भक्तांशी अनैतिक वर्तनाचा आरोप केला. जदुनाथजी महाराजांनी करसनदास आणि मुद्रक नानाभाई राणीना यांच्यावर ५०,००० रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. २५ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली.

३/
‘आम्ही छापले ते सत्य आहे’ हा प्रतिवादींचा मुख्य बचाव होता. म्हणजे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच आला. पण बंद दाराआडच्या गोष्टींना साक्षीदार आणायचे कोठून? महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये म्हणून भाटिया समाजातील काही मंडळींनी कट केला आणि त्याबद्दल त्यांना दंडही झाला. तरीही मथुरादास लवजी, लखमीदास खिमजी यांच्यासारखे संप्रदायातलेच लोक पुढे आले.

४/
आणि पुढे आले डॉ. भाऊ दाजी लाड. मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, शिलालेखांचे अभ्यासक. त्यांनी आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांनी सांगितले की जदुनाथजींना उपदंश झाला होता आणि आम्ही त्यावर उपचार केले. संयमाचा उपदेश करणाऱ्या धर्मगुरूच्या बाजूला हा मोठाच तडा होता.

५/
पण डॉक्टरने रुग्णाचे गुपित उघड करावे काय? इंग्लिश कायद्याने याचे उत्तर १७७६ मध्येच दिले होते. किंग्स्टनच्या डचेसवरील द्विभार्याप्रतिबंधासारख्याच, म्हणजे दुसऱ्या विवाहाच्या खटल्यात सीझर हॉकिन्स या शल्यवैद्याने हाच पेच मांडला. लॉर्ड मॅन्सफील्ड यांचे म्हणणे असे की, गुपित आपणहून फोडणे हा विश्वासघात. न्यायालयाने विचारल्यावर सांगणे हा नव्हे.

६/
याच मॅन्सफील्डनी १७८२ मध्ये तज्ज्ञांच्या मतालाही न्यायालयाचे दार उघडले. इंग्लंडमधील वेल्स बंदर गाळाने का भरले, या वादात जॉन स्मीटन या अभियंत्याचे मत ग्राह्य ठरले. सामान्य साक्षीदाराने पाहिले-ऐकले तेवढेच सांगायचे. शास्त्र जाणणाऱ्याला मात्र त्यावरून अनुमान मांडण्याची मुभा मिळाली.

७/
आता मुंबईकडे परत येऊ. डॉक्टरांच्या साक्षीचा पल्ला नीट पाहा. रोग होता एवढे वैद्यक सांगू शकते. तो कोणाच्या संगतीने जडला, हे सांगू शकत नाही. भक्त स्त्रियांविषयीचा आरोप संप्रदायातील साक्षीदारांच्या जबान्यांवरच उभा राहायचा होता. तज्ज्ञाची साक्ष ही साखळीतील एक कडी असते; अख्खी साखळी नव्हे.

८/
तिसरे तज्ज्ञ रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन. १८२९ पासून मुंबईत असलेले स्कॉटिश मिशनरी आणि नामांकित प्राच्यविद्या-पंडित. ‘तन-मन-धन’ गुरूला अर्पण करण्याची शिकवण, गोकुळनाथजींची टीका, संप्रदायाचे प्राचीन धर्माशी असलेले नाते असे प्रश्न खटल्यात होते. आर्नोल्ड यांनी निकालपत्रात विल्सन यांच्या विद्वत्तेचा मोठ्या आदराने उल्लेख केला.

९/
येथे थबकायला हवे. हिंदू धर्मावर टीका करणारे ग्रंथ लिहिलेला मिशनरी एका हिंदू संप्रदायाविषयी तटस्थ मत देऊ शकतो काय? ‘जे प्राचीन ते अस्सल, नंतरचे ते भ्रष्ट’ ही त्या काळच्या प्राच्यविद्येची एक धारणा होती, सिद्ध झालेले सत्य नव्हते. भाऊ दाजीही सुधारक गोटातलेच. म्हणजे ज्ञान निर्विवाद असले, तरी दोघेही वादापासून अलिप्त नव्हते.

१०/
पण म्हणून त्यांना पिंजऱ्याबाहेर ठेवणे हा उपाय नव्हता. हितसंबंध असला म्हणजे साक्ष बाद होत नाही. तिचे वजन मात्र तपासावे लागते. त्यासाठीच उलटतपासणी, त्यासाठीच इतर पुराव्याशी पडताळणी. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. सत्याचा बचाव मान्य झाला आणि करसनदासांना खर्चापोटी ११,५०० रुपये मिळाले.

११/
दहा वर्षांनी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ आला. कलम ४५ ने तज्ज्ञाचे मत संबद्ध ठरवले, तर कलम ५१ ने त्या मतामागची कारणेही. आज कलम ४५ ची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ ने घेतली आहे. तत्त्व तेच : तज्ज्ञ मत देतो, निर्णय न्यायाधीश देतो.

१२/
इतिहास वाचणाऱ्यालाही रोज तज्ज्ञ साक्षीदार भेटतात : बखरकार, प्रवासी, कंपनीचे अधिकारी, आधुनिक संशोधक. त्यांचे नाव मोठे आहे एवढ्यावर मान डोलावू नये. ते एका बाजूचे आहेत एवढ्यावर त्यांना झिडकारूही नये. यांनी स्वतः काय पाहिले, अनुमान कोठे सुरू झाले, आणि त्या अनुमानाला दुजोरा कोण देतो, हे तीन प्रश्न विचारावेत. भाऊ दाजी आणि विल्सन यांच्या साक्षी आजही याच कसोटीवर वाचायला हव्यात.

(समाप्त)