चिखलातले वळण

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरचा पहिला टप्पा मुळशी-मावळातून गेला, तेव्हा सायकलस्वारांचा मोठा घोळका एकमेकांवर आदळून पडला आणि शर्यत काही वेळ थांबवावी लागली. ती शर्यत डांबरावरची होती. सायक्लोक्रॉस या सायकल शर्यतीच्या वाट्याला डांबर फारसे येत नाही. गवत, चिखल, वाळू, आडवे उतार आणि मध्येच चाळीस सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या, अशी तीनेक किलोमीटरची फेरी तासभर मारत राहायची. टायरची रुंदी ३३ मिलिमीटरच्या वर चालत नाही. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली आणि फ्रान्सच्या ज्याँ रोबिकने ती जिंकली. पुढे बेल्जियमने आणि नेदरलँड्सने हा खेळ आपलासा केला. मात्र त्याला लागते तशी जमीन पाहायची असेल, तर जुलैत पौडच्या पुढे जावे. ताम्हिणीला हंगामात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस नेहमीचाच. खाचरांत चिखलणी चाललेली असते आणि बांधालगतच्या पायवाटेवर पाय ठरत नाही.

अशा वाटेवर माणूस वळणात पडताना दिसतो, पण चूक बहुधा आठ-दहा मीटर आधीच झालेली असते.

वळताना सायकलला आतल्या बाजूला खेचणारे बल टायर आणि जमीन यांच्यातल्या घर्षणातून येते. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि त्रिज्या मोठी असेल तितके कमी लागते. पाच मीटर त्रिज्येचे वळण ताशी १८ किलोमीटरने घ्यायचे, तर ०.५ च्या आसपास घर्षणांक हवा. कोरडे डांबर तो सहज देते. ओल्या चिकण मातीचा ०.२५ धरला, तर त्याच वळणाची मर्यादा ताशी साडेबारा किलोमीटरवर येते. ब्रेकलाही याच घर्षणातून बल घ्यावे लागते. हे महिन्याच्या पगारासारखे आहे: वाण्याचे बिल आणि घराचा हप्ता दोन्ही त्याच पैशातून. वळण सुरू झाल्यावर पुढचा ब्रेक आवळणारा दोन्ही खर्च एकाच दिवशी अंगावर घेतो. म्हणून वेग सरळ वाटेवरच, चाक उभे असताना कमी करावा आणि वळणात बोटे ब्रेकवर नुसती टेकलेली असावीत.

आता त्रिज्या. तीन मीटर रुंदीची वाट काटकोनात वळते आणि आतल्या कडेची त्रिज्या तीन मीटर आहे, असे समजू. वाटेच्या मधोमध राहून वळले, तर त्रिज्या साडेचार मीटर मिळते. बाहेरच्या कडेने शिरून, मध्यावर आतली कड जवळजवळ शिवून पुन्हा बाहेर गेले, तर दोन्ही कडांना फूटभर जागा सोडूनही ती अकरा मीटरच्या पुढे जाते. त्याच मातीत ताशी १२ ऐवजी १९ किलोमीटर! वही-पेन्सिलीवर हे फार छान दिसते. प्रत्यक्षात पन्नास जण तीच रेघ धरतात आणि चौथ्या फेरीला तिथे राबडा झालेला असतो. अशा वेळी कडेचे न तुडवलेले गवत लांब पडले तरी परवडते, कारण वेगाच्या हिशेबात त्रिज्येइतकेच वजन घर्षणांकाला आहे.

अंगाच्या ठेवणीवर वाद पुष्कळ. सायकल आणि स्वार मिळून किती कलायचे हे वेग आणि त्रिज्याच ठरवतात. आपल्या हातात उरते ते एवढेच, की त्यातले सायकलने किती कलावे आणि अंगाने किती. भुसभुशीत मातीत सायकल जास्त कलवून अंग उभे ठेवले, की टायरच्या कडेच्या गुठळ्या मातीत रुततात. ओल्या मुळावर किंवा शेवाळलेल्या दगडावर याच्या उलट, सायकल शक्य तितकी उभी. बाहेरचे पेडल खाली आणि भार त्याच्यावर, हे दोन्हीकडे सारखेच. भीतीपोटी मागे सरकणे मात्र घातक. पुढच्या चाकावरचा भार घटतो आणि नेमके तेच घसरते. मागचे चाक घसरले तर हँडल तिकडे वळवून सावरता येते. पुढचे घसरले की सावरायला वेळच मिळत नाही.

टायरमधल्या हवेकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. चिखलात वीस पीएसआयच्या आसपास हवा ठेवणारे बरेच आहेत. ट्यूब असलेल्या टायरला मात्र इतकी कमी हवा मानवत नाही. पहिल्याच टोकदार दगडावर रिम ट्यूबला चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात.

सामूहिक पडझड बहुतेक सुरुवातीनंतरच्या पहिल्याच वळणावर होते. सायकलचा तोल हँडलच्या बारीक हालचालींवर टिकतो. आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला घासू लागले, की त्या हालचाली थांबतात. पडतो तो सहसा मागचा, आणि त्याच्यावर त्याच्या मागचे. चाकाशेजारी चाक घालून आत घुसणारा फार तर दोन जागा मिळवतो. माझ्या मते हा सौदा पहिल्या वळणावर तरी आतबट्ट्याचा.

सगळ्यात कठीण म्हणजे बाहेरच्या बाजूला कललेले वळण. दहा अंशांच्या आडव्या उतारावर ०.२५ पैकी जेमतेम ०.०७ घर्षण वळायला उरते. मग पाच मीटर त्रिज्येला वेगाची मर्यादा ताशी साडेसहा-सात किलोमीटर, म्हणजे भरभर चालण्याइतकी. त्यापेक्षा पायी धावणारा सहज पुढे जातो, आणि नियमांची त्याला हरकत नाही. वळणाच्या अलीकडेच डाव्या बाजूने उतरावे आणि सायकल उजव्या खांद्यावर घ्यावी, म्हणजे साखळी अंगाच्या बाहेरच्या बाजूला राहते.